सळई फिरते, कोंबडी फिरत नाही

गोराईला मावशींच्या परसात विटा रचून केलेल्या भट्टीवर अख्खी कोंबडी भाजताना एकच अडचण पुन्हा पुन्हा येत असे: सळई फिरे, पण कोंबडी जड बाजू खाली करून तशीच लटकत राही, त्यामुळे एक अंग करपे आणि मांडीच्या सांध्याशी मांस कच्चे राही. गोल, गुळगुळीत सळईला पकडच नसते. म्हणून स्टेनलेस स्टीलची चौकोनी सळई घेतली (जस्ताचा मुलामा दिलेली घेऊ नये), दोन्ही टोकांना स्क्रूने आवळायचे काटे बसवले आणि पंख व तंगड्या सुती दोऱ्याने अंगाशी घट्ट बांधल्या. ओवल्यावर सळई दोन्ही तळव्यांवर सैल धरून पाहावी. ती आपोआप एका बाजूला कलंडली, तर कोंबडी काढून पुन्हा ओवावी. काम कंटाळवाणे आहे खरे, पण ते टाळता येत नाही. निखारे थेट खाली न ठेवता दोन्ही बाजूंना सारून मधोमध पाण्याचा पसरट ट्रे ठेवला, तेव्हा ठिबकणाऱ्या चरबीने उडणारा भडका थांबला. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसून ७४ अंश सेल्सिअस दिसले की कोंबडी उतरवावी.