ठासणीच्या रायफलसाठी मैदानावरचा गज : माझा अनुभव

माझ्या ०.५० कॅलिबरच्या (नळीचा आतला व्यास अर्धा इंच) रायफलचा लाकडी गज, म्हणजे नळीच्या तोंडातून गोळी आत ठासायची काठी, बारामागून बार काजळी साचून नळी आवळत गेली की, वाकून नळीच्या तोंडाला घासत असे; आणि नेम तर त्या तोंडाच्या कडेवरच अवलंबून असतो. म्हणून नळीपेक्षा वीतभर लांब, ३/८ इंच जाडीची स्टेनलेस स्टीलची सळई घेऊन एका टोकाला मूठ बसवली आणि दुसऱ्या टोकात सफाईच्या जॅगसाठी (चिंधी धरणाऱ्या टोकासाठी) १०-३२ या मापाचे आटे पाडले. सळईवर सरकणारा पितळी शंकू मात्र हवाच, कारण तोच तिला नळीच्या तोंडात मधोमध धरून ठेवतो. नेहमीच्या मापाची दारू आणि गोळी पक्की बसल्यावर तोंडाच्या पातळीवर सळईवर खूण कोरली. खूण तोंडाच्या वर राहिली, तर गोळी दारूवर टेकलेली नाही आणि बार उडवायचा नाही.