कासाची पहिली केस घेताना

सांगलीला सहकारी बँकेत अकरा वर्षं नोकरी केली. आमचे शाखाधिकारी एकच वाक्य घोकून घ्यायचे: व्हाउचर नाही, तर व्यवहार झालाच नाही. पुढे टेक्सासला आले, मुलं मोठी होऊन बाहेर पडली, आणि सहा वर्षांपूर्वी मी कासा झाले. या कामाला माया लागते असं सगळे सांगतात. लागतेच, पण नुसत्या मायेवर न्यायाधीश निकाल देत नाहीत. त्यांना व्हाउचर लागतं.

कासा (CASA, Court Appointed Special Advocate) म्हणजे काय ते आधी सांगते. घरी हेळसांड किंवा छळ झाला म्हणून सरकारने ताब्यात घेतलेल्या मुलासाठी कोर्टाने नेमलेला, पगार न घेणारा माणूस. सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सौकप यांनी १९७७ मध्ये ही पद्धत सुरू केली. मुलांच्या आयुष्याचे निर्णय अपुऱ्या माहितीवर द्यावे लागतात, ही त्यांची खंत होती. केसवर्करकडे, म्हणजे मुलाची केस सांभाळणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याकडे, केसेसचा ढीग असतो, वकिलाकडेही असतो. तुमच्याकडे मात्र एकच मूल, फार तर एकाच घरातली दोन-तीन भावंडं. तेवढ्यासाठीच तुम्हाला नेमलेलं असतं.

टेक्सासमध्ये वय २१ पूर्ण लागतं. अर्ज, मुलाखत, ओळखीच्या माणसांची शिफारस, बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, मग ३० तासांचं प्रशिक्षण आणि न्यायाधीशांसमोर शपथ. त्यानंतर दर वर्षी १२ तासांचं शिक्षण चालूच. कायद्याची पदवी लागत नाही. इंग्रजीला मराठी वळण असलं तरी काही बिघडत नाही. माझं अजून आहे.

पण हो म्हणण्याआधी कॅलेंडर काढून बसा. इथल्या कायद्यानुसार केस साधारण एका वर्षात निकाली निघावी लागते, आणि न्यायाधीशांना खास कारण दिसलं तर सुमारे सहा महिने मुदतवाढ मिळते. म्हणजे दीड वर्ष धरून चाला. मला महिन्याला बारा-पंधरा तास लागतात, सुनावणीच्या महिन्यात जास्त. डिसेंबरात भाचीच्या लग्नाला महिनाभर भारतात जायचं असेल तर कासा कार्यक्रमातल्या तुमच्या सुपरवायझरला आधी सांगा, आणि मुलालाही सांगा, परत येण्याच्या तारखेसकट. या मुलांनी ‘येते हं’ म्हणून गेलेली बरीच माणसं पाहिलेली असतात.

आधी कागद

केस मिळाली की आपल्याला लगेच मुलाला भेटायची घाई होते. थांबा. नेमणुकीचा जो कोर्टाचा आदेश मिळतो, त्याच्या जोरावर शाळा, दवाखाना, सरकारी खातं यांच्याकडचे कागद मागता येतात. आदेशाची प्रत कायम पर्समध्ये ठेवा. शाळेच्या ऑफिसात कोणी ‘तुम्ही कोण?’ विचारलं तर वाद घालू नका, कागद पुढे करा.

मी प्रत्येक केसला एक लांबलचक तक्ता करते. डावीकडे तारीख, पुढे मूल कुठे राहत होतं, कुठल्या शाळेत होतं, केसवर्कर कोण, डॉक्टरकडे काय झालं. बँकेत खतावणी लावायचे तशीच. माझ्या पहिल्या केसमधली मुलगी सात वर्षांची होती. प्रत्येक कागदात तिच्याबद्दल तेच: लक्ष देत नाही, जागेवर बसत नाही, वाचनात मागे. औषध सुरू करावं का, इथवर बोलणं आलं होतं. तक्ता भरताना मला दोन शाळांपूर्वीच्या नर्सचा एक कागद सापडला. नजर तपासणीत नापास, पालकांना कळवावे. पालकांना कळवेपर्यंत मुलीचं घर बदललं, घराबरोबर शाळा बदलली, आणि तो कागद जुन्या फायलीतच राहिला. तिला फळाच दिसत नव्हता.

यात दोष कुणा एकाचा नव्हता. जो तो आपापलं पान वाचत होता, सलग वाचणारं कोणी नव्हतं. फोस्टर केअरमधल्या, म्हणजे सरकारी ताब्यात असताना दुसऱ्यांकडे सांभाळल्या जाणाऱ्या मुलांना इथे स्टार हेल्थ नावाचा सरकारी विमा असतो, त्यात चष्मा बसतो. तीन आठवड्यांत चष्मा आला. गुलाबी, आणि भलताच मोठा.

टेक्सासमध्ये आणखी एक तपासून घ्या: ताब्यात आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत वैद्यकीय तपासणी, ३० दिवसांत गरजांचं मूल्यमापन, आणि ३० दिवसांतच पूर्ण आरोग्य तपासणी व्हायला हवी. झाली का, आणि झाली असेल तर त्यात सांगितलेलं पुढे कोणी केलं का? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा.

रिकाम्या हाताने जा

लेकराच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, हे आपल्या रक्तात आहे. पहिल्या भेटीला मी रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन गेले. मुलीने डब्याकडे पाहिलं, उघडला नाही, आणि विचारलं, ‘आज तुझा शेवटचा दिवस आहे का?’ आधीची केसवर्कर नोकरी सोडताना तिला बाहुली देऊन गेली होती. त्याच्या आधीचं कोणीतरी रंगपेटी. भेटवस्तू आली म्हणजे माणूस चाललं, असा तिचा हिशेब पक्का होता. शिवाय घरचं खाणं, पैसे, वस्तू द्यायच्या नसतात हा नियम मला प्रशिक्षणात सांगितलेला होता. लाडू म्हणजे काही भेट नव्हे, अशी मीच सोयीस्कर समजूत करून घेतली होती. सुपरवायझरने समज दिली, योग्यच होती.

त्यानंतर मी पत्त्यांचा कॅट नेऊ लागले. तो माझा, माझ्याबरोबर येतो आणि माझ्याबरोबर परत जातो. भिकार-सावकार शिकवला. त्यात अक्कल लागत नाही, म्हणून सात वर्षांच्या मुलीकडून मोठं माणूस खरोखर हरतं. हात गुंतलेले असले की बोलणं आपोआप येतं. समोरासमोर खुर्च्या टाकून ‘इथे तुला कसं वाटतं?’ विचारलं तर उत्तर एकच: ‘फाइन.’

महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष भेटा, तेही मूल राहतं त्या घरात. माझ्या दुसऱ्या केसमधली मुलगी सव्वाशे मैलांवर ठेवलेली होती, तरी फोनवर भागवलं नाही. फोनवर अंथरूण दिसत नाही. मूल कुठे झोपतं, कपडे कपाटात लागलेत की अजून कचऱ्याच्या काळ्या पिशवीत आहेत, औषधाची नोंद रोजच्या रोज आहे की आपण येणार म्हणून सकाळी एका पेनाने एकदम भरलीय, हे पाहायचं. पण फौजदारासारखं नको. फोस्टर आई चोवीस तास ते मूल सांभाळत असते, आपण दोन तास. तिला ‘तुम्हाला काय लागतंय?’ विचारलं की ती पुष्कळ सांगते. थोडा वेळ मुलाशी एकट्याने बोलायचं, आणि ते तिला आधीच सांगून ठेवायचं.

एक गोष्ट कधीही करू नका: छळाबद्दल खोदून विचारणं. आपल्या प्रश्नांमुळे मुलाचे शब्द बदलतात, आणि पुढे त्याची साक्षच कच्ची पडते. मूल आपणहून बोललं तर ऐका, चेहरा शांत ठेवा, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन चुकूनही देऊ नका. गाडीत बसल्याबसल्या त्याचेच शब्द जसेच्या तसे उतरवा आणि लगेच कळवा. टेक्सासमध्ये छळाचा संशय आला तर कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, कासावर तर आहेच.

आईबाप

इथे आपली माणसं अडखळतात. मीही अडखळले. ‘असल्या आईकडे परत पाठवायचं?’ हा प्रश्न मनात घेऊनच मी गेले होते. पण बऱ्याचशा केसेस मारहाणीच्या नसतात, दुर्लक्षाच्या असतात. व्यसन, आजारपण, घरभाडं थकणं, रात्रपाळी. आणि कोर्टाचं पहिलं उद्दिष्ट सहसा मूल सुखरूप घरी परत जावं हेच असतं. आईला एक यादी दिलेली असते: व्यसनमुक्तीचे उपचार, पालकत्वाचे वर्ग, स्थिर घर, ठरलेल्या भेटी. तिने त्यातलं काय केलं हे तर पाहायचंच, आणि तिला ते करता येण्याजोगं होतं का, हेही पाहायचं.

त्या चष्मेवाल्या मुलीची आई चारपैकी दोनच भेटींना आली होती, एकदा चाळीस मिनिटं उशिरा. कागदावर वाईट दिसत होतं. मी एका शनिवारी तिच्या घरापासून भेटीच्या जागेपर्यंत बसने गेले. दोन बसेस, मध्ये एक चुकली की पुढची तासाने. मलाच पन्नास मिनिटं उशीर झाला. डॅलसच्या या भागात गाडी नसणं म्हणजे पाय नसल्यासारखं आहे. सांगलीच्या एसटी स्टँडवर वाढलेली मी, आणि हे विसरले होते.

अहवाल

सगळी मेहनत शेवटी चार-पाच पानांत उतरते. सुनावणीच्या दहाएक दिवस आधी अहवाल सुपरवायझरकडून तपासून जातो. माझ्या पहिल्या कच्च्या अहवालात वाक्य होतं: ‘आई भेटींबाबत गंभीर नाही.’ सुपरवायझरने तांबड्या शाईत विचारलं, कशावरून? मग ते असं झालं: ‘ठरलेल्या चार भेटींपैकी आई दोन भेटींना आली. एका भेटीला चाळीस मिनिटं उशीर झाला. तिला दोन बस बदलून यावं लागतं. मी स्वतः तो प्रवास केला असता पन्नास मिनिटं उशिरा पोहोचले. आलेल्या दोन्ही भेटींत तिने मुलीसोबत गृहपाठ केला.’ पहिल्या वाक्यात माझं मत होतं. दुसऱ्यात न्यायाधीशांना स्वतःचं मत बनवायला जागा होती.

तसंच ‘मुलगी दुःखी वाटते’ लिहू नका. ‘तीन भेटींत तिने जेवण अर्धं सोडलं, आणि आजीचा फोन कधी येणार हे प्रत्येक वेळी विचारलं’ असं लिहा. शिफारशीही मोघम नकोत. ‘भेटी वाढवाव्यात’ यातून काही होत नाही. भेट कुठे, आठवड्यातून किती वेळा, येण्याजाण्याची सोय कोणी आणि कधीपर्यंत करायची, हे लिहिलं की न्यायाधीश तसा आदेश देऊ शकतात. बसची सोय नसलेल्या जागेऐवजी आईच्या घराजवळच्या ग्रंथालयात भेट ठेवावी, ही माझी पहिली मान्य झालेली शिफारस. एका ओळीची होती. नंतरच्या सहा भेटींपैकी आईची एकही चुकली नाही.

अहवालात दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: मुलाला काय हवंय आणि मुलाच्या हिताचं काय आहे. टेक्सासमध्ये कासाला बऱ्याचदा गार्डियन ॲड लायटम, म्हणजे मुलाचं हित कोर्टापुढे मांडणारी व्यक्ती, म्हणून नेमतात, आणि चार वर्षांचं किंवा त्यापुढचं मूल असेल तर त्याच्याशी बोलणं कायद्यानेच सांगितलंय. मुलाचं म्हणणं मांडायला त्याचा वकील असतो, हित तुम्ही मांडायचं. कधी दोन्ही जुळत नाहीत. तेव्हा लपवू नका: ‘तिला आजच घरी जायचं आहे. माझ्या मते आईचे उपचार पूर्ण होईपर्यंत थांबावं’, अशी दोन वाक्यं शेजारीशेजारी लिहा. आणि कोर्टात ते वाचलं जाण्याआधी मुलीला स्वतः सांगा. माझ्यावर ती दोन आठवडे रुसली होती. पत्ते खेळली, पण बोलली नाही.

साक्षीला उभं राहावं लागलं तर वही जवळ असू द्या, पण त्या वहीत असं काही नको जे उलटतपासणीत मोठ्याने वाचलेलं चालणार नाही. माझ्या पहिल्या वहीत एका वकिलाच्या टायबद्दल शेरा होता. तो त्याने वाचला नाही, पण तेवढा वेळ मला घाम फुटला होता.

मंडळात विचारतील

गणपतीच्या आरतीनंतर कोणीतरी विचारणारच, ‘काय गं, काळ्यांची की मेक्सिकन?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, आणि चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचं नाही. मी म्हणते, ‘प्रसाद छान झालाय.’ नाव, शाळा, गाव, कुठलाच तपशील नवऱ्यालाही सांगायचा नाही. फोटो नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी सुनावणीच्या तारखेला फक्त एक टिंब काढते. नवऱ्याला वर्षभर ते गॅस सिलिंडरचं वाटत होतं, आणि इथे गॅस पाइपने येतो.

केस बंद होताना

शेवट आधीपासून सांगत जा. शेवटच्या तीन भेटींत ‘आता दोन राहिल्या, आता एक’ असं मोजत. माझी चष्मेवाली सोळा महिन्यांनी आईकडे परत गेली. त्यानंतर तिला भेटायला जायचं नाही, शाळेवरून गाडी नेऊन डोकवायचं नाही. वही, कागद, तक्ता, सगळं कार्यक्रमाच्या ऑफिसात जमा करायचं, संगणकावरची प्रतही पुसायची. एवढं जपलेलं खातं असं हातावेगळं करणं मला बँकेत कधी जड गेलं नव्हतं.

कॅट माझा होता, तो घरी आणला. मोजला तर एक्कावन्न पाने. बदामचा गुलाम नाही. भिकार-सावकारला बावन्नच लागतात, म्हणून पुढच्या केससाठी नवा घेतला.