मुरूम उपसलेल्या रानात मृगाआधी काय करायचं

रोहिण्या सुरू झाल्यात, मृग तोंडावर आलाय, आणि आपल्या पुरंदर, शिरूर, हवेलीकडं ज्यांनी रस्त्याच्या कामाला मुरूम दिला किंवा ज्यांच्या रानाशेजारी दगडखाण बंद पडलीय त्यांचा सध्या एकच प्रश्न आहे, या उघड्याबोडक्या खड्ड्यात आता काय येईल? मी पण त्यातलाच. आमच्या दीड एकराचा मुरूम एका ठेकेदाराला दिला, त्यानं पोकलेन लावला आणि वरची माती, खालचा मुरूम सगळं एकत्र भरून नेलं. चूक माझीच, मी तेव्हा ब्रासचा (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) भाव बघत होतो. ज्यांचा उपसा अजून व्हायचाय त्यांनी वरची एक-दीड वीत माती आधी काढून बांधाला वेगळी लावून घ्या, ढीग फार उंच करू नका आणि त्यावर तागाचं बी फेकून ठेवा म्हणजे पावसानं वाहणार नाही, आणि हे तोंडी नको, व्यवहाराच्या कागदावरच लिहून घ्या.

ज्यांची माती गेलीच आहे ते बहुतेक सगळे पहिला विचार करतात तो तलावातला गाळ आणून पसरायचा. मी पण केला होता. पण जरा हिशोब मांडा. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, त्यावर नुसता तीन इंच थर द्यायचा तर १०,८९० घनफूट, म्हणजे जवळपास १०९ ब्रास! गाळ फुकट मिळाला तरी डंपरचं भाडं आणि डिझेल कोण देणार? आणि एवढं करून तो काळा चिकट गाळ कडक तळावर नुसता अंथरला तर पहिल्या मोठ्या पावसात निम्मा ओढ्याला जातो, राहिलेला उन्हाळ्यात भेगाळतो. त्यापेक्षा गाळ फक्त झाडाच्या खड्ड्यात घाला. सीताफळ ५ बाय ५ मीटरवर लावलं तर एकरी १६० झाडं, दोन फुटी खड्डे, प्रत्येकात निम्मा गाळ, तर सगळं मिळून सहा-सात ब्रासात काम भागतं. सरकारची २०१७ पासूनची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आहे, ग्रामपंचायतीत चौकशी करा. फक्त शहराचं किंवा कंपन्यांचं सांडपाणी जिथं येतं तिथला गाळ तपासल्याशिवाय रानात आणू नका.

त्याच्याही आधी तळ बघा. डंपरच्या चाकांनी तो इतका दाबला जातो की कुदळ मारली तर हाताला झिणझिण्या येतात. संध्याकाळी हातभर खड्डा घ्या, बादलीभर पाणी ओता, सकाळी जाऊन बघा. पाणी तसंच असेल तर तिथं झाड लावणं म्हणजे कुंडीत लावल्यासारखं, मुळं सडणार. अशा ठिकाणी सबसॉयलर (खालचा कडक थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार) किंवा जेसीबीचा दात फिरवून घ्या, उताराला आडवा, आणि आत्ताच, जमीन कोरडी असताना. ओल्यात तो नुसती रेघ ओढतो, फोडत नाही. खाणीच्या उभ्या कडा सुद्धा जमेल तेवढ्या उतरत्या करा आणि वरून येणारं पाणी चर काढून बाजूला वळवा, नाहीतर दरवर्षी वरचं चांगलं रान थोडं थोडं खाली येत राहणार.

अगदी काळा पाषाण लागलाय तिथं मात्र झाडाचा हट्ट सोडा, पाणी साठू द्या, पण कुंपण करा, पोरं पोहायला उतरतात.

७५-१०० मिलीमीटर पाऊस झाला की हिरवळीच्या खतासाठी एकरी २०-२५ किलो तागाचं बी पेरा आणि सोबत एक गोणी सिंगल सुपर फॉस्फेट द्या. पाणी थांबतं त्या सखल भागात ताग पिवळा पडतो, तिथं धैंचा टाका, तेही हिरवळीचंच पीक. आमचा ताग पहिल्या वर्षी जेमतेम गुडघ्याएवढा झाला, शेजारचे पाटील हसले, म्हटलं हसा. ४५-५० दिवसांनी फुलावर आला की गाडायचा, बाजारात नेण्याचा मोह करू नका. त्यामागं ऑगस्टात हुलगा टाकता येतो, मुरमाडात तोच बरा टिकतो. उतारावर आणि कडेनं मारवेल, पवना, स्टायलो अशी चाऱ्याची पिकं, बांधाला गिरिपुष्प, त्याचा पाला दरवर्षी छाटून झाडांच्या बुडात टाकायचा. पहिली दोन वर्षं शेळ्या आत सोडायच्या नाहीत, यावरून आमच्या घरात भांडणं झालीत पण इलाज नाही.

माती परीक्षण करताना सेंद्रिय कर्ब आणि चुनखडी दोन्ही बघून घ्या. चुनखडी जास्त निघाली तर कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ती लोहाची कमतरता असते, उगाच युरिया मारत बसू नका. नमुना बारामती किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात दाखवता येईल, पण पाऊस लागायच्या आत द्या, आणि तागाचं बी पण याच आठवड्यात सांगून ठेवा, मृगात दुकानदार मागेल तो भाव द्यावा लागतो.