कामगारांच्या हृदयाची काळजी घेताना या चुका टाळा

२९ सप्टेंबरचा जागतिक हृदय दिन जवळ आला की कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत तपासणी शिबिरे भरतात. हेतू चांगला असतो, पण पहिली चूक तिथेच होते. एका फाउंड्रीत मी पाहिले, की भट्टीवरून थेट आलेले कामगार रांगेत ताटकळत होते, कोणाच्या हातात चहा होता, कोणाच्या गालात तंबाखू होती आणि रक्तदाब मोजण्याचा पट्टा सदऱ्याच्या बाहीवरूनच आवळला जात होता. अशा नोंदीने धडधाकट माणूसही धास्तावतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-तंबाखू टाळावी, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसवावे, दंड मोकळा करून हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा, मोजताना बोलू नये आणि मिनिटभराने पुन्हा मोजावे. वेगळ्या दिवशीही आकडा १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, तर डॉक्टरांकडे पाठवावे आणि तो कामगार गेला का, हे महिन्याभराने आवर्जून विचारावे. हा पाठपुरावा न करणे ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही आणि चिठ्ठी खिशातच विरते.

अहवाल सुपरवायझरच्या हाती देऊ नका; नोकरीच्या भीतीने पुढच्या वर्षी कोणी फिरकणार नाही.

कॅन्टीनमध्ये मात्र फलक लावून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी असावे. आपल्याकडे मिसळीचा कट, फरसाण, पापड आणि लोणचे मिळून ही मर्यादा कधी ओलांडली जाते ते कळतही नाही. तांबडा-पांढरा रस्सा बंद करा म्हटले तर कोल्हापुरात कोणीही ऐकणार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. टेबलावरची मिठाची वाटी उचलावी, रोजची भजी आठवड्यातून एकदा करावी, फरसाणाऐवजी भाजलेले बिनमिठाचे शेंगदाणे ठेवावेत.

रंकाळ्याभोवती चालण्याची स्पर्धा घेऊन तंबाखूकडे काणाडोळा करणेही चुकीचेच. ती सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक हजेरीच्या यंत्राशेजारी लावावा.

शेवटी, छातीत दाब, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, अशी तक्रार आली की "पित्त असेल" म्हणून सोडा पाजणे आणि त्याला स्वतःच्या मोटारसायकलवर घरी धाडणे जिवावर बेतू शकते. त्याला जागेवर बसवावे, १०८ वर फोन करावा आणि रात्रपाळीतही रुग्णवाहिकेसाठी फाटक कोण उघडेल, हे आधीच ठरवून ठेवावे.