सॉफ्टवेअर बाहेरून करून घ्यावे की माणूस नेमावा?

नव्या उद्योगासाठी हा प्रश्न खर्चाच्या कोष्टकाने सुटत नाही, कारण पहिल्या बांधणीपेक्षा नंतरचे बदलच अधिक पैसे खातात. वडोदऱ्यात दांडिया बाजारातून आम्ही जेवणाचे डबे पुरवतो; त्याच्या अ‍ॅपसाठी निर्णय घेण्यापूर्वी ग्राहकांमुळे कराव्या लागणाऱ्या प्रत्येक बदलाची नोंद महिनाभर एका साध्या वहीत केली. ‘उद्या एकादशी, भाताऐवजी साबुदाण्याची खिचडी द्या’ अशा मागण्यांमुळे ऑर्डरचा भाग दर आठवड्याला बदलत होता. लॉगिन आणि पावती यांविषयी मात्र महिन्यात एकही नोंद झाली नाही. जो भाग सतत हलतो त्यासाठी पगारी माणूस नेमावा आणि जो स्थिर आहे तो खुशाल बाहेर द्यावा. वही कोरीच राहिली, तर नेमणुकीची घाई करू नये.

एक सावधगिरी बाळगावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीच्या ओघात लिहिलेला कोड, वेगळा करार नसल्यास, मालकाचा ठरतो. बाहेरच्याने लिहिलेल्या कोडचे हक्क मात्र लेखी हस्तांतरण करून घ्यावे लागतात, आणि त्यात मुदत व प्रदेश नमूद नसल्यास ते ५ वर्षांपुरते आणि भारतापुरतेच मानले जाते. सर्व्हर व डोमेनची खाती पहिल्या दिवसापासून स्वतःच्याच नावावर उघडावीत.