कंसाबाहेरचा आकडा आत सगळ्यांना: मुलांना वितरण गुणधर्म शिकवताना

३(क + २) सोडव म्हटलं की बरीच मुलं ३क + २ लिहून मोकळी होतात. मग आपण म्हणतो अरे दोघांनाही गुणायचं ना, मूल मान डोलावतं, पुढचं गणित बरोबर करतं आणि दोन दिवसांनी परत तेच. कारण का गुणायचं हे त्याने फक्त ऐकलेलं असतं, बघितलेलं नसतं. म्हणून नियम शेवटी सांगा, आधी नुसते आकडे घ्या.

सुरुवातीला अक्षर काढूच नका. ७ × ९८ तोंडी विचारा. मूल अडकेल, मग सांगा ९८ म्हणजे १०० − २, सात वेळा शंभर ७००, त्यातून सात वेळा २ म्हणजे १४ काढायचे, राहिले ६८६. अशी पाच-सहा झाली की मुलांना चटक लागते. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत १३५ × १२ करताना १२ चे ८ आणि ४ असे तुकडे करून दाखवलेत, १०८० आणि ५४०, मिळून १६२०. हे मुलांना जरूर सांगा, त्यांना भारी वाटतं की आपण करतोय ते एवढं जुनं आहे.

आता अक्षर. आपल्याकडे कोकणात यासाठी मासळीबाजारासारखी जागा नाही, रत्नागिरी घ्या नाहीतर मालवण, बांगडे वाट्यावर मिळतात हे पोरांना माहीत असतंच. समजा एका वाट्यात क बांगडे आहेत, आई तीन वाटे घेतेय आणि मावशीला म्हणते, "मावशी, तीन घेतेय, प्रत्येक वाट्यावर दोन-दोन जास्तीचे टाका हो." मावशी कुरकुर करते पण टाकते, पहिल्यावर दोन, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर दोन. हे वहीत काढायलाच लावा, तीन गोल, प्रत्येकात क आणि शेजारी दोन टिंबं. झाले किती? ३क आणि ६. म्हणजे ३(क + २) = ३क + ६. आणि ज्याने ३क + २ लिहिलं त्याला विचारा, मावशीने एकाच वाट्यावर दोन टाकले, बाकीच्या दोन वाट्यांचं काय? क ला ५ धरून मोजायला लावा. खरे बांगडे २१, त्याच्या उत्तराप्रमाणे १७. चार बांगडे गेले म्हटल्यावर चूक कुठे झाली ते मूल स्वतःच शोधतं.

इथे एक गोष्ट फार जपा. क म्हणजे बांगडा नाही, एका वाट्यातल्या बांगड्यांची संख्या आहे. न म्हणजे नारळ, स म्हणजे सुपारी, म्हणून ३न + २स, असं शिकवणं सोपं वाटतं, मुलं पटापट उत्तरंही देतात, पण पुढे न × स आलं की नारळ गुणिले सुपारी म्हणजे काय याला काही उत्तरच नसतं. अक्षर आलं की दर वेळी विचारा, ही कशाची संख्या?

मग सरूप पदं, म्हणजे एकाच जातीची, एकत्र करता येणारी पदं. २(३क + ४) + ५(क − १) घ्या. आधी दोन्ही कंस सोडवा, ६क + ८ + ५क − ५, मग क वाली एकत्र, नुसते आकडे एकत्र, ११क + ३. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पुढे जाऊन १४क करून टाकणं, मुलांना वाटतं अधिक चिन्ह उरलंय म्हणजे गणित अर्धवट आहे. ११क + ३ हेच पूर्ण उत्तर आहे हे स्पष्ट सांगावं लागतं.

उत्तर पडताळायची सवय लावा, माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं. क च्या जागी एक आकडा घालून मूळ राशी आणि उत्तर दोन्ही काढायचं. पण १ घालू नका, १ घातला तर ११क + ३ पण १४ आणि १४क पण १४, चूक लपून जाते. २ पण नको, २क आणि क² दोन्ही ४ येतात. ५ घ्या. मूळ राशी ५८, ११क + ३ पण ५८ आणि १४क मात्र ७०.

वजाचं प्रकरण वेगळ्या दिवशी, घाई नको. २० − (५ − २) आकड्यांत करून घ्या. कंसात ३, म्हणून उत्तर १७. आता कंस काढून २० − ५ − २ केलं तर १३ येतात, २० − ५ + २ केलं तर १७. म्हणजे ५ पूर्ण काढून घेतले तेव्हा २ जास्तीचे गेले होते, ते परत द्यावे लागले. हे पटलं की −३(क − ४) = −३क + १२ पाठ करायची गरज राहत नाही. १० − २(क + ३) मध्ये काही मुलं आधी १० − २ करून ८(क + ३) लिहितात, त्यांना २ आणि कंस मिळून एक गोल काढायला लावा, गुणाकार आधी. आणि कंसाबाहेर नुसतं वजाचं चिन्ह असेल तर तिथे पेन्सिलीने १ लिहायला सांगा, −१(क − ४), म्हणजे कशाने गुणायचं ते समोर दिसतं.