अननस, बोंडू आणि सॉसेज: खळ्यातल्या पार्टीच्या गोड-तिखट काड्या

मे महिन्यात चाकरमानी वेंगुर्ल्याला उतरले की आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, एक तरी संध्याकाळ जमतेच. कधी भाचीचा वाढदिवस, कधी दिराच्या लग्नाचा, कधी सगळे एकत्र आलेत एवढंच निमित्त. वीस-बावीस माणसं असतात, जेवण साडेनऊच्या आधी होत नाही आणि सात वाजल्यापासून पोरं "काकी, खायला काय?" म्हणत चुलीभोवती फिरतात. त्या मधल्या अडीच तासांसाठी मी सॉसेज आणि फळांच्या काड्या करते. दर वर्षी फर्माईश होते, म्हणून नीट लिहून काढते आहे.

आधी सॉसेजबद्दल. मी दोन प्रकार ठेवते. एक चिकनची, डीप फ्रीजरमधून पाकिटात मिळतात ती. ही बहुतेक आधीच शिजवलेली असतात, तरी पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. काही ताजी, कच्चीही मिळतात आणि ती आतपर्यंत शिजवावी लागतात. आदल्या रात्री पाकीट फ्रीजमध्ये खाली आणून ठेवा. ओट्यावर उघड्यावर वितळवू नका, आपल्याकडच्या उकाड्यात ते बरं नाही.

दुसरी म्हणजे गोव्याची चोरीस. वेंगुर्ल्याहून म्हापसा लांब नाही, आणि तिथल्या शुक्रवारच्या बाजारात या सॉसेजच्या लालभडक माळा टांगलेल्या दिसतात. डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, काश्मिरी मिरची, लसूण आणि माडीचं व्हिनेगर लावून मुरवतात आणि आतड्यात भरून वाळवतात. जपमाळेसारखे छोटे मणी असतात ते काड्यांना उत्तम. चोरीस वाळवलेली असली तरी कच्चीच असते, हे विसरायचं नाही.

ती शिजवायला मला आमच्या वाडीतल्या ख्रिस्ती शेजारणीने शिकवलं. मी पहिल्यांदा कढईत तेल ओतायला गेले तर तिने माझा हात धरला. "गो, तेल कित्याक घालतंस? पयलां पाणी घाल. त्येचा तेल ताच सोडतला." तेव्हापासून तसंच करते. दोरे सोडवून मणी सुटे करायचे, कढईत बुडतील एवढं पाणी घालून मंद आचेवर झाकण ठेवायचं. वीस-पंचवीस मिनिटांत मांस मऊ होतं. मग झाकण काढून पाणी आटू द्यायचं. पाण्याचा खळखळाट थांबून तडतड सुरू झाली की समजायचं, आता चरबी सुटली. लाल तेल कढईभर पसरतं आणि लसूण-व्हिनेगरचा वास थेट रस्त्यापर्यंत जातो. या तेलात मणी दोन मिनिटं परतून बाहेर काढा, वरचं आवरण जाड वाटलं तर सोलून टाका. तेल मात्र टाकू नका.

चिकन सॉसेजचे प्रत्येकी चार तुकडे करा, तिरके, म्हणजे कापलेली बाजू मोठी मिळते आणि तव्यावर चांगली खरपूस होते. माणशी चार काड्या धरा. वीस माणसांना ऐंशी काड्या, म्हणजे निम्म्या चिकनच्या केल्यात तर दहा सॉसेज आणि चाळीस मणी.

आता फळ, आणि खरं काम इथेच आहे. सॉसेज खारट, तिखट, तुपकट. त्याच्या जोडीला नुसतं गोड फळ दिलं तर दोन्ही तोंडात वेगळी राहतात. त्यांना जोडतो तो आंबटपणा. म्हणून फळ निवडताना आधी आंबट किती ते बघायचं. पिकलेला हापूस इथे चालत नाही. तो मऊ पडतो, काडीवरून घसरतो आणि गोडीने सगळं झाकून टाकतो. देठाजवळ पिवळा झालेला पण दाबल्यावर न दबणारा आंबा घ्या, त्याला गोडीही आली असते आणि आंबटपणाही शिल्लक असतो.

अननस सगळ्यांच्या आवडीचा आणि जवळजवळ बाराही महिने मिळणारा. पण त्याच्यामुळे एकदा मोठी फजिती झाली. नाताळच्या सुट्टीत पंचवीस माणसं यायची होती. सकाळची घाई नको म्हणून मी रात्रीच अननसाच्या न भाजलेल्या फोडी आणि सॉसेज काड्यांना टोचून डबे फ्रीजमध्ये ठेवले. सकाळी बघते तर सॉसेजची अननसाला टेकलेली बाजू पिठूळ, बोट लावलं की सुटत होती. सगळं टाकावं लागलं आणि मला फार वाईट वाटलं. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्च्या पपईचा तुकडा लावतो ना, तोच प्रकार. पपईत पपेन असतं तसं अननसात ब्रोमेलिन असतं आणि ते मांसातली प्रथिनं तोडतं. उष्णतेने मात्र त्याचा जोर जातो. म्हणून आता अननसाच्या दोन सेंटीमीटरच्या फोडी आधी गरम तव्यावर टाकते. पाणी सुटून आटेपर्यंत आणि कडा तपकिरी होईपर्यंत हलवायच्या नाहीत. यात फोडीतली साखरही बाहेर येऊन तांबूस होते, चव दुप्पट होते. तरीही काडीला टोचायचं ते त्याच दिवशी. एक मध्यम अननस चाळीस काड्यांना पुरून उरतो.

बोंडू, म्हणजे काजूचं फळ, हे माझं लाडकं. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेत बोंडूंचा खच पडतो, बी काढून घेतात आणि फळ तिथेच कुजतं. मला ते बघवत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची काजूची कलमं आज कोकणभर लागली आहेत, त्या बागांतून कितीतरी रसाळ बोंडू मिळतात, आणि आपण ते पार्टीच्या ताटात का ठेवू नयेत? अडचण एकच, घसा धरतो. त्यासाठी टणक, त्याच दिवशी उतरवलेला बोंडू घ्या, आडव्या जाड चकत्या करा, मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, पाणी फेकून द्या आणि चकत्या पाच-सात मिनिटं वाफवा. तुरटपणा बराच जातो. मग हलक्या हाताने पिळून, चोरीसच्या त्या लाल तेलात एक बाजू परतून घ्या. बोंडूचा तो उग्र, फुलासारखा वास आणि चोरीसमधलं व्हिनेगर यांचं छान जमतं. माझे सासरे चोरीस खात नसत, पण तेही डुकराचं सोडून नुसता बोंडू चिकनबरोबर मागून घेत. त्यांच्यासाठी बोंडू साध्या तेलात परतायचे.

बाहेरून चकाकी देणारा पाक असा: अर्धी वाटी चिरलेला गूळ, पाव वाटी पाणी, ठेचलेल्या पाच लसूण पाकळ्या, एक चमचा लाल तिखट. स्टीलच्या भांड्यात उकळत ठेवा. चमच्याच्या पाठीला चिकटून राहील इतका दाट झाला की तीन मोठे चमचे कोकम आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घाला, अर्धा मिनिट उकळू द्या आणि उतरवा. आगळात मीठ असतंच, वरून घालू नका. लोखंडी किंवा अल्युमिनियमच्या भांड्यात हे करू नका, कोकमाच्या आंबटपणाने चवीला धातू लागतो. या पाकात चिकनचे तुकडे घोळवायचे. चोरीसला पाक लागत नाही, तिची स्वतःची चव पुरे.

काड्यांसाठी टूथपिक चालते, पण मी माडाचे हीर वापरते. झावळीचं पात सुरीने दोन्ही बाजूंनी सोलून काढलं की मधला हीर हातात येतो. बोटभर लांबीचे तुकडे करून एक टोक तिरकं कापा, दहा मिनिटं उकळा, उन्हात कडक वाळवा. लहान मुलांच्या ताटलीत मात्र काडी देऊ नका, तुकडे सुटे द्या.

पावसाळ्यात ताजं फळ कमी, तेव्हा आंबापोळी आहे. तिची बोटभर रुंद पट्टी कापून गरम सॉसेजच्या तुकड्याला गुंडाळायची आणि काडी आरपार घालायची. सॉसेजच्या उष्णतेनेच ती मऊ होऊन चिकटते. हौसेने तव्यावर फिरवायची असेल तर जेमतेम अर्धा मिनिट, साखर पटकन करपते. फणसपोळीचंही असंच करता येतं, पण तिचा वास जबर असतो, सगळ्यांना रुचत नाही.

वाढताना माझा एक नियम आहे आणि तो मी मोडत नाही. डुकराचं, कोंबडीचं आणि शाकाहारी, तिन्हींची ताटं वेगळी, चिमटे वेगळे, आणि समोर मोठ्या अक्षरात चिठ्ठी. कोण काय खात नाही हे पाहुण्याला विचारावं लागता कामा नये. शाकाहारी काड्यांना पनीर आणि अननस, पाक तोच, पण तवा वेगळा आणि पहिला. सगळं एकदम बाहेर मांडू नका. वीस-वीस काड्या गरम करून आणा. मांसाचं ताट दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको, आणि मे महिन्यात पारा बत्तीसच्या वर असताना तर एकच तास.

राहिलेला पाक बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवते. चोरीसचं तेलही गाळून वेगळ्या वाटीत झाकून ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तेलात कांदा परतून दोन अंडी फोडायची, आणि घावन्यांबरोबर वाढायची. त्या न्याहारीसाठी धाकटा दीर मुंबईची गाडी एक दिवस पुढे ढकलतो.